पन्नाशीपुढचे, निपाणी ते चिकोडी

४ फेब्रुवारी, बेळगाव

जाहिरातीच्या ऑफिसात नवीन काम — शुगरवरची पावडर. कुमार सर म्हणाले, "सुविधा, सगळ्यांना दाखवू नकोस. गरज आहे त्यांनाच." मोबाईलवरच्या जाहिरातीत वय घातलं, पन्नाशीपुढचे. गावं निपाणी ते चिकोडी. शुगरबद्दल फोनवर शोधणारे. बटण दाबलं. माझ्या स्वतःच्या फोनवरसुद्धा ती दिसली नाही!

९ फेब्रुवारी, निपाणी

रविवार. घरी. आप्पांनी तीस वर्षं रिक्षाला भोंगा लावून अख्ख्या निपाणीत पुकारा केला — साड्यांचे सेल, सर्कस, जयंतीची मिरवणूक. आता ते काम कुणी देत नाही. आज जेवताना म्हणाले, "एक पावडरवाला आलता माझ्याकडं. म्या न्हाय म्हटलं. कुणाला बाधलं तर लोकं दारात येतील."

मी म्हटलं, "आमच्या कामात कुणी दारात येत नाही, आप्पा." आमच्याकडेही पावडरच आहे, हे सांगितलं नाही.

१६ मार्च

आईचा फोन. आप्पांच्या पायाची जखम भरत नाही. शुगरच्या गोळ्या घेतात ना, विचारलं. "घेत असतील की," म्हणाली.

जाहिरात जोरात आहे. सर खूश.

२ एप्रिल, दवाखाना

आप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. "दीड महिना गोळ्या बंद. घरात कुणाचं लक्ष नव्हतं?" आईनं पिशवीतून एक डबा काढला. "ह्येच घेत होते." डबा आमच्या पावडरीचा.

३ एप्रिल

आप्पा शुद्धीवर आले. विचारलं, गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?

"तूच की गं. फोनवर तुझा आवाज आला. म्हटलं, पोरगी सांगत्या म्हंजे खरं असणार."

त्या जाहिरातीत मीच बोलले होते. 'आता गोळ्यांची गरज नाही.' कागदावर लिहून दिलेलं वाचलं, दोन मिनिटांत काम झालं.

भिंतीवर रंगवली असती तर गल्लीतल्या कुणीतरी हटकलं असतं. आप्पांनी स्वतः पुकारली असती तरी चौकात कुणी भांडलं असतं. ही त्यांना एकट्यांना दिसली. शेजारी बसलेल्या आईच्या फोनवरही नाही. आणि त्यांचं वय, गाव, दुखणं निवडणारी मी.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

५ एप्रिल

जाहिरात बंद केली. सर म्हणाले, "खाली बारीक अक्षरात आहे ना, डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून?" मी माझ्या वडिलांच्या पायाचं सांगितलं. म्हणाले, "वाईट झालं. पण जाहिरात चालू कर." नाही म्हटलं. मग उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

निघायच्या आधी डबे मागवणाऱ्यांची यादी उतरवून घेतली. भोंगा कुणी ऐकला, हे आप्पांना कधी कळलं नाही. माझ्याकडे एकशे त्र्याहत्तर नावं आहेत. नंबरासकट.

६ एप्रिल

पहिला फोन कोगनोळीला, रुक्माबाईंना. सुनेनं उचलला. "सासूबाई गेल्या की. बारा दिवस झाले." मी पावडरीच्या डब्याचं विचारलं. म्हणाली, "डबा अर्धा उरलाय. वाया नको म्हणून आता मामंजी घ्यायलेत."

म्हटलं, "त्यांना फोन द्या. आत्ताच द्या."