चार खोल्यांमागे एक स्वयंपाकघर

३ मार्च, सकाळी ६.१०
बाथरूमसमोर माझा नववा नंबर. आत बेकरीवाला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद! अंघोळ करतोय की अंडी उबवतोय? वीस खोल्या, दोन बाथरूम, एक स्वयंपाकघर आणि अक्कल कोणाकडेच नाही. अकरा वर्षं सोसलं. आता बस्स.
संकल्प : एक, रागवायचं नाही. दोन, या लोकांना सुधारायचं.

सकाळी ६.३५
माझ्या दुधाच्या बाटलीवर पेनाने खूण होती. दूध खुणेच्या अर्धा सेंटिमीटर खाली. मी सरकारतर्फे दुकानांचे वजनकाटे तपासतो, मला फसवता? संकल्प क्रमांक एक उद्यापासून.

५ मार्च
स्वयंपाकघरात चौदावी नोटीस लावली : ‘आधीच्या तेरा नोटिसा वाचाव्यात.’ संध्याकाळी पाहतो तर नर्सबाई नोटीस क्रमांक नऊवर कांदा चिरतायत. विचारलं तर म्हणाल्या, कागद स्वच्छ दिसला. डोकं फुटायची वेळ आली.

८ मार्च
मालक आले. बिल्डिंगची दुरुस्ती काढतायत, कोणाला काही सुचवायचंय का म्हणाले. बाकीच्यांनी नळ आणि कड्या सांगितल्या. पोच तेवढीच. मी सव्वीस पानांची फाइल दिली. वीस जणांनी एका ओट्यावर भांडायचं कशाला? चार खोल्यांचा एक गट. प्रत्येक गटाला आपलं स्वयंपाकघर, आपली बाथरूम. गट ज्याचा त्याने जमवायचा. चार म्हणजे चारच. ३१ तारखेपर्यंत गट नसेल त्याने खोली सोडायची.
शेवटची अट खास समोरच्या शिलाईवाल्या बाईंसाठी. दिवसभर मशीनची घरघर. त्यांना घेणार कोण? परस्पर काटा निघेल.

१२ मार्च
मालकांनी योजना जशीच्या तशी मान्य केली. अटीसकट! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं पान उलटून वाचलं.

१५ मार्च
माझ्या गटात यायला झुंबड उडणार. अर्ज तयार केला, एकतीस प्रश्न. पाच ते सात दार उघडं ठेवून बसलो. कोणी आलं नाही. भिडस्त लोक.

१९ मार्च
बसड्रायव्हरला मीच सरळ विचारलं. अजून काही नक्की नाही म्हणाला आणि ड्यूटी आठवून पळाला. आज त्याची सुट्टी आहे, मला माहीत आहे. बेकरीवाल्याचंही नक्की नाही. नर्सबाईंचंही. एकाही माणसाला निर्णय घेता येत नाही. चीड येते.

२४ मार्च
थोरल्या बहिणीला सहज फोन केला. गरज पडली तर महिनाभर येऊ का? म्हणाली, ये की, पण ह्यांना विचारून सांगते. भावजी शेजारीच होते, खोकताना ऐकू आले. विचारायला कितीसा वेळ लागतो?

२८ मार्च
बहिणीचा फोन नाही. खोली गेली तर जायचं कुठे, हा प्रश्न मला पडलेला नाही. नुसता लिहून ठेवतो.

३० मार्च, संध्याकाळी ५.२०
स्वयंपाकघरात एकोणीसच्या एकोणीस जण जमलेले. मला न बोलावता! जाब विचारायला गेलो आणि दारातच थबकलो. ओट्यावर स्टीलचा डबा, आत चिठ्ठ्या. बेकरीवाला सांगत होता की तीन चिठ्ठ्यांवर सात आकडा आहे. त्या ज्यांना येतील, त्यांच्या गटात सात नंबरवाले.
सात नंबरची खोली म्हणजे मी. माझ्यासाठी चिठ्ठ्या टाकतायत! नुसत्या मागणीने भागेना, इतकी ओढाताण. आवाज न करता परत आलो. डोळे भरून आले. सगळ्यांना माफ केलं. दुधासकट.
विजेत्यांसाठी बिस्किटांचे तीन पुडे आणले.

३१ मार्च, सकाळी ७.४५
अभिनंदन करायला गेलो. विजेते शिलाईवाल्या बाईंच्या खोलीत होते, तिसऱ्या विजेत्या बाई स्वतःच. नर्सबाई डोळे पुसत होत्या. बसड्रायव्हर बेकरीवाल्याला विनवत होता की चिठ्ठी बदलून घे, वर्षभर माझा अंघोळीचा नंबर तुला. बेकरीवाला नको नको म्हणत मागच्या मागे निघून गेला.
मी पुडे पुढे केले. नर्सबाईंनी विचारलं, काका, हे कशाबद्दल? मी पुडे शिलाई मशीनवर ठेवले.
शेवटी शिलाईवाल्या बाई बोलल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुमचीच अट आहे, चार म्हणजे चार. तुम्हाला सोडलं तर तुमच्याबरोबर आणखी तिघांच्या खोल्या जातात. ते तिघं कोण, एवढंच ठरवायचं होतं. मग गटाचा फॉर्म पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.
तिघांच्या खाली सही केली. खोली राहिली.
खोलीत येऊन दार लावून बसलोय. प्रचंड रागवायचं आहे. कोणावर, ते सुचत नाही.