पाणक्याची आघाडी

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनातच समज, कंबर वाकत नाहीये.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे गुडघे त्यांची रोज आठवण काढतात. आतोबांचा खोकला बसला का, की अजूनही गिऱ्हाइकाने गादीची किंमत कमी करायला सांगितली की तो उसळतो?

तुझ्या गादीच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहेस, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. उत्तराला उशीर झाला, कारण हंगामाची शेवटची सायकल शर्यत व्हायची होती. तुला ठाऊकच आहे, आमच्या टीममध्ये जिंकायचं ते एकट्या म्होरक्याने. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि त्याला पाणी आणून द्यायचं. त्यात पाण्याचं खातं इतकी वर्षं माझ्याकडे. बाबा तर कोणी विचारलं की सरळ सांगतात, ‘तो ना, तो सायकलवरून पाणी भरतो.’ पुढच्या वर्षीच्या कराराचं मी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, ‘शर्यत झाल्यावर बघू.’ आमच्या धंद्यात याचा अर्थ ‘सामान आवरायला घे’ असा होतो. आत्या, तुझ्या गाद्यांवर माझा राग नाही, पण मला हे काम सोडायचं नव्हतं. अगदी रडू येईल इतकं सोडायचं नव्हतं.

तर शर्यतीच्या दिवशी सगळेच दमलेले. हंगामाच्या अखेरीस कोणालाच पळायचं नसतं. सगळे गप्पा मारत, एकमेकांच्या सुट्टीच्या बेतांची चौकशी करत चाललेले असतात. पुढे वळणावर आमचा मालिशवाला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. मी शहाणपणा केला आणि घोळक्याच्या पुढे जाऊन बाटल्या गोळा केल्या. पाठीच्या खिशांत, पोटाशी, गळ्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे कोंबल्या. (भरल्यावर मी तुझ्या दुकानातल्या लोडासारखा दिसतो.) निघालो तोच म्होरक्याची आवडती, लिंबू घातलेली बाटली निसटली आणि गडगडत खड्ड्यात गेली. ती काढायला खाली उतरून वाकलो, तर मॅनेजरचं बोलणं ऐकायचं कानातलं यंत्रच डबक्यात पडलं. तेवढ्यात वरून घरघर करत गाड्या गेल्या. वर येऊन बघतो तर वळणावर शेवटची मोटारसायकल दिसेनाशी होत होती. झालं! घोळका निघून गेला आणि म्होरक्या पाण्यावाचून राहिला.

मी जो सुटलो, तो सुटलो. इतका जोरात मी आयुष्यात पळालो नव्हतो. पण घोळका काही दिसेना. थोड्या वेळाने एका मोटारसायकलवरच्या माणसाने मला अंतराची पाटी दाखवली, ‘चार मिनिटं’. म्हणजे मी चार मिनिटं मागे! मग आमची गाडी शेजारी आली आणि मॅनेजर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडायला लागला. वाऱ्यात नीट ऐकू येईना, पण चेहरा लालभडक होता, तेव्हा शिव्याच असणार असं धरून मी मान खाली घातली. ‘बाटल्या फेक!’ एवढं मात्र ऐकू आलं. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. इतक्या लांबून आणलेलं पाणी फेकायचं? मी बाटल्या आणखी घट्ट धरल्या.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. मी तिथल्या झेंडेवाल्याला धापा टाकत विचारलं, ‘बाकीचे गेले का?’ तो म्हणाला, ‘येतील की. बसा.’

त्या ‘येतील’चा अर्थ डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. मी खड्ड्यात असताना माझ्या डोक्यावरून गेल्या त्या नुसत्या घोळक्याच्या पुढे चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या होत्या. अख्खा घोळका मागेच, रस्त्याच्या कडेला रांगेने लघवीला थांबला होता. अशा वेळी कोणी पुढे पळायचं नसतं, हा आमच्यातला अलिखित नियम. पण मला जाताना बघून ते म्हणाले म्हणे, ‘पाणक्याच आहे, जाऊन जाऊन जाणार कुठे?’ त्यांना जाग आली तेव्हा उशीर झाला होता. म्होरक्या आला, बाटली घेतली, एक घोट प्यायला आणि म्हणाला, ‘गरम झालंय.’

मॅनेजरने मला मिठी मारली. त्यात उरलेल्या बाटल्या फुटल्या.

तुझा आज्ञाधारक (आणि विजयी),
भाचा

ता. क. – करार झाला, दोन वर्षांचा! पण पाणी आणायला नाही. दर शर्यतीत एकट्याने पुढे पळायला ठेवलंय. म्हणजे हे आता मुद्दाम करावं लागणार. तेव्हा ती खुर्ची हलवू नकोस.

ता. क. २ – मुख्य काम राहिलंच. शर्यत टीव्हीवर बघून तू फोनवर विचारलंस, ‘तू सारखा पुढे कोणाला शोधत होतास रे?’ हे बाबांसमोर चुकूनही काढू नकोस. त्यांनी माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय आणि बघायला येईल त्याला ‘आमच्या मुलाचा डाव’ समजावून सांगतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाणी भरत नाहीये. त्यांना खरं कळलं तर मला सहन होणार नाही.

ता. क. ३ – पाकीट बंद केलं होतं, परत फोडलं. आत्ताच बाबांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाले, ‘गाढवा, एकदा तरी मागे वळून बघायचंस!’ मग बराच वेळ हसत राहिले, आणि मीही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे. आत्याला सांगू नकोस हं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.’ तेव्हा आत्या, तू हे पत्र वाचलेलंच नाहीस. बाबा तुला डाव समजावून सांगायला येतील, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर.