माझी माती तुझ्या पाणथळीत कशी गेली याविषयी

थोरल्या ओतिलियाताईला धाकट्या निकानोरचा दंडवत. आशीर्वाद दे (दरवेळी सवयीने मागतो, या वेळी गरजेने). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? तुझ्या गाईंची तब्येत विचारत नाही. ती इथे माझ्या पडवीतूनही दिसते.

बाबांनी जमीन वाटताना धाकट्याने आधी निवडावं असं ठरलं आणि मी वरचा माळ घेतला. पुराचं पाणी घरात येणार नाही, पाय कोरडे, मान ताठ. पाणथळ तुझ्या वाट्याला गेली तेव्हा "ताईला आता बदकं पाळता येतील" असं मी म्हणालो म्हणे. (म्हणालोही असेन. त्या दिवशी सगळेच प्यालेले होते.) पुढे पावसाळ्यात तुझी गुरं बाबांच्या वेळेसारखी कोरड्या जागेसाठी माळावर चढू लागली, म्हणून मी मध्ये तारेचं कुंपण घातलं. ते तुझ्याविरुद्ध नव्हतं, गुरांविरुद्ध होतं. गुरं तुझी निघाली याला मी काय करणार?

आता उन्हाळ्याने आपल्या अराउका प्रांताचं सगळं रान तापलंय. माझ्या माळावरच्या गवताच्या केरसुण्या झाल्यात. गाई ते खात नाहीत. आधी गवताकडे बघतात, मग माझ्याकडे. बाबांच्या हातची ती म्हातारी कबरी गाय तर बसली की उठवावी लागते. अशात शहरातल्या कृषी कॉलेजच्या एक मॅडम आल्या. त्यांनी माझ्याकडे खड्डा खणला, तुझ्याकडे खणला, मग माझ्याच ओट्यावर बसून माझीच मक्याची भाकरी खात म्हणाल्या, "अहो निकानोर, तुमची माती म्हणजे वाळूची चाळण. दर पावसात तिच्यातलं सकस ते धुऊन खाली उतरतं आणि ताईंच्या चिकणमातीत, कुजलेल्या गवताबरोबर मुरतं."

"म्हणजे चोरीच की हो!" मी म्हणालो.

"चोरी कसली? उतार आहे."

शिकलेली माणसं अशी गुळमुळीत बोलतात. माझ्यापुरता अर्थ स्वच्छ आहे: तुझ्या पाणथळीत जे हिरवं आहे ते माझं आहे, फक्त राहायला तुझ्याकडे आहे.

म्हणून आपलाच माल परत आणायला मी बैलगाडी घेऊन तुझ्या पाणथळीत उतरलो. (तू चर्चला गेली होतीस. उगाच तुला कशाला त्रास?) काळाभोर चिखल गाडीभर आणला, परसात केळीच्या बुडाशी ओतला आणि तुझ्या भावजयीला, त्रिनीला, वर पाणी मारायला सांगितलं. पाणी पडताच चिखलाने डोळे उघडले. उन्हाळ्यापुरती गाळात झोपलेली मगर मी घरी आणली होती, ताई! त्रिनी टेबलावर चढून ओरडली, "अरे मेल्या, सकस माती आणतो म्हणालास, हिला तर दात आहेत!" मगर लहानच होती (मोठी असती तर हे पत्र त्रिनीने लिहिलं असतं). तिला दोरीने बांधून तुझ्याकडे परत सोडली. राहिलेला चिखल उन्हात असा आवळला की केळी त्यात अडकल्यासारख्या उभ्या आहेत. माती वर आणता येते, पण तिच्याबरोबर पाणी, सावली, कुजणं काही वर येत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, पण त्या भाकरी खात होत्या.

बाकी सर्व ठीक. लोभ असू दे.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस) भाऊ,
निकानोर

ता. क. माती वर येत नसेल तर गाईंनी मातीकडे जावं, असं मला वाटतं. पाऊस लागेपर्यंत माझी गुरं तुझ्या पाणथळीत चरू देशील का? नाहीतर कबरी तरी जगत नाही.

ता. क. २. ती परवाच तिथे गेली आहेत. तार त्यांनीच तोडली. तिथे पडलेली पक्कड माझी आहे, पण तिचा याच्याशी संबंध नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच त्रिनी तुझ्याकडून आली. सांगते, कबरीला तू सावलीत बांधलंयस आणि माझ्या गुरांपुढे मिठाची वेगळी डोणी ठेवलीयस. तुझ्या शिव्यांना द्यायची उत्तरं मी तयार ठेवली होती ताई, ती सगळी वाया गेली. गेल्या पुरात तुझं वासरू माझ्या तारेशी बुडालं, आणि तू त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाहीस. त्रिनीचं ऐकल्यापासून आज दिवसभर मी कुंपणाचे खांब उपटत होतो. आता एकही उरला नाही. ढग जमू लागले की वाट बघत बसू नकोस, गुरं वर घेऊन ये. वासरं आधी.