नितीनच्या बाजूचा कान

ती. बाबा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. पाठवणार मात्र नाही.

काल महाराणा प्रताप नगरच्या एका हॉटेलात लग्नाच्या रिसेप्शनला आमचा बँड होता. मेघाचा घसा बसला होता, म्हणून तिच्या गाण्यासाठी मी कीबोर्डचं बटण दाबून पट्टी खाली उतरवली आणि पुढच्या गाण्याला परत वर घ्यायला विसरलो. असं सगळ्याच कीबोर्डवाल्यांचं होतं. पहिल्याच सुराला कानाला खटकतं आणि हात आपोआप बटणावर जातो. माझा गेला नाही. मी डोळे मिटून मजेत वाजवत राहिलो. डोळे उघडले, तर नवरीसुद्धा माझ्याकडे बघत होती.

मेघा म्हणाली, गिटार वाजवता वाजवता नितीन "भाई, स्केल! स्केल!" असं ओरडत होता. तो माझ्या डावीकडे उभा असतो. तिकडून ना गिटार आली, ना तो. नुसती बारीक शिट्टी, बाबा. ती आत्ताही वाजतेय.

गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात तुमचे कान गेले, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती का? आधी एक, मग दुसरा? मधे किती वेळ मिळाला? मला फार भीती वाटतेय.

ऐकू आलं नाही की तुम्ही "हो, हो" म्हणता. आम्ही त्याची नक्कल करायचो.

सामान गाडीत ठेवताना नितीनने डावीकडून काहीतरी विचारलं. काय, ते मला अजून माहीत नाही. मी "हो, हो" म्हणालो.

तुमचाच,
अद्वैत