तुझी नाचणी उपटू का?

प्रिय अक्का,

मुनियप्पाच्या शेतातली तुझी नाचणी उद्या सकाळी उपटायची आहे. तो म्हणतो, "अण्णा, अक्कांना विचारल्याशिवाय एका रोपाला हात लावू देणार नाही." तू जाऊन चार महिने झाले, हे त्याला मी काय सांगू? तेराव्याला सगळ्यांच्या आधी तोच येऊन बसला होता. म्हणून विचारतोय. लिहून.

चूक माझी. शिध्यात आपल्याकडे तांदळाबरोबर नाचणी लागतेच, आणि त्या दिवशी ती कमी पडली. तुझ्या मल्लेश्वरमच्या घरी फ्रिजमध्ये एक डबा मिळाला. म्हटलं, अक्काचीच आहे, तिच्या नावानेच जाऊ दे. मुनियप्पाच्या पिशवीत मीच तो रिकामा केला.

पण अक्का, मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख घालणारी तू! त्याच डब्यावर एक अक्षर कसं नाही लिहिलंस?

त्याने ती खाल्ली नाही. इतकी वर्षं तुझ्या प्रयोगाच्या वाफ्यातले पक्षी हाकलले त्याने. अक्कांचं बी दळायचं कसं? नेऊन पेरलं. घरच्या वर्षभराच्या नाचणीची सगळी जमीन त्यालाच दिली.

आठवतं, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये मी तुझ्यासाठी ती दमट पेटी बनवत होतो? करप्याची बुरशी मुद्दाम वाढवायची पेटी! मी हसलो होतो. तू म्हणालीस, "रघू, बुरशीला मारायचं नाही. तिला गप्प करायचं."

"म्हणजे गं?"

"तू कारागिराला कामाची चिठ्ठी पाठवतोस. ती वाटेतच कुणी फाडली तर?"

"तर काम बंद. आणि फाडणाऱ्याची नोकरीही बंद!"

"बुरशीच्या जनुकाची चिठ्ठी माझी नाचणी फाडणार आहे," म्हणालीस. मग परदेशातल्या त्या जांभळ्या फुलांची गोष्ट सांगितलीस. रंग गडद व्हावा म्हणून रंगाचंच जनुक जास्तीचं घातलं, तर फुलं पांढरी उमलली. सगळे चक्रावले, आणि तुझे डोळे चमकले.

त्या पेटीचा पंखा जरा घरघरला, की बेअरिंग गेलं हे मी दारातूनच सांगायचो. गेल्या आठवड्यात तुझी वही उघडली, तेव्हा कानात तशीच घरघर सुरू झाली. पहिली पेरणी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीपुढे तुझं बारीक अक्षर: 'कणसं येईपर्यंत डौलदार. मग माना काळ्या. गप्प केलेली बुरशी पुन्हा बोलली. उरलेलं बी जाळणे. बाहेर जाऊ न देणे.' खाली डब्याची खूण: 'फ्रिजमधला, बिननावाचा.'

का नाही जाळलंस गं? हात धजला नाही ना?

आज गेलो होतो. तीन दिवस आभाळ दाटलंय, पानांवरचं पाणी दुपारीही सुकत नाही. तुझ्या पेटीत असायची तशीच हवा. आणि नाचणी? अशी काळसर हिरवी मी कुठे पाहिली नाही. भीती वाटावी इतकी सुंदर!

मुनियप्पा म्हणाला, "स्वल्प थांबा अण्णा, कणसं भरू द्या. एवढ्या देखण्या पिकाला काय झालंय?" बांधापलीकडे दोन शेजारी कुजबुजत होते. माझे कान तुला माहीत आहेत. एक म्हणत होता, "या बियाण्यातलं मला हवं." दुसरा म्हणाला, "मी आधीच मागून ठेवलंय."

अक्का, उपटलं तर यंदा मुनियप्पाचं कोठार रिकामं. राहू दिलं, तर पुढच्या वर्षी किती शेतांत हे बी असेल?

परत निघताना एक कणीस वाकवून पाहिलं. मानेवर तपकिरी डाग होता. नखाएवढा. मी कणीस सोडून दिलं आणि मुनियप्पाला काही बोललो नाही.

तुझं उत्तर वहीत आहे, ते मी त्याला वाचून दाखवीन. आधी तो डाग त्याला दाखवीन, आणि डबा मी ओतला होता हेही सांगेन. मग दोघं मिळून उपटू, तिथेच जाळू, मूठभरही मागे ठेवणार नाही. त्याच्या घरची वर्षभराची नाचणी माझ्याकडून जाईल, दळायची नाचणी. आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन शेजाऱ्यांच्या दारात मी स्वतः उभा राहीन. त्यांच्या घरात त्या डब्यातलं काही बी आधीच पोचलंय का, ते विचारायला.

तुझा,
रघू