क्लॉक उतरवल्याचा गुन्हा

साडूभाऊंना नमस्कार,

तीर्थरूप म्हणावं इतके तुम्ही मोठे नाही आणि चिरंजीव म्हणावं इतके लहान नाही, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या. मेहुणीबाईंची पाठ आता कशी आहे? तुमची तब्येत ठणठणीत असणारच. दुसऱ्याच्या घरात आग लावून जाणाऱ्याला साधं पडसंही होत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

तुम्ही ते ग्राफिक्स कार्डाचं यंत्र आमच्या मागच्या खोलीत मांडून गेलात (आता घरबसल्या क्रिप्टोची नाणी पडतील म्हणालात, जणू झाडाखाली चादर धरायची), तेव्हा मला काय करावं लागेल असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "अहो, तुम्ही घड्याळं दुरुस्त करणारे! क्लॉक, म्हणजे यंत्राचा वेग, वाढवत जायचं, झालं." मी भोळा सांब. कोअर क्लॉक (कार्डाच्या मेंदूचा वेग) वाढवलं, मेमरी क्लॉक (त्याच्या स्मरणशक्तीचा) वाढवलं, विजेची मर्यादा पार वर ढकलली. पंखे असे किंचाळू लागले की दुकानातली गिऱ्हाइकं विचारायची, आत लाकूड कापताय का? खोलीची भट्टी झाली. एवढं करून नाणी मिळवायला यंत्र जी गणितं सोडवायचं तीही चुकीची (मेमरी फार पळवली की ते मनाला येईल ते उत्तर ठोकून देतं, हे सांगायला तुमचं तोंड शिवलं होतं का?) आणि मधूनच गोठून बसायचं. विजेचं बिल आलं तेव्हा तर बायको माझ्याकडे असं पाहू लागली, जणू वीज मी पितो.

अखेर मीच डोकं चालवलं. या नाण्याचं गणित मेमरीवर चालतं, कोअर नुसताच फुकटचा घाम गाळतो. म्हणून कोअर क्लॉक बेताबेताने खाली आणलं, चुका थांबेपर्यंत मेमरी मागे घेतली, विजेची मर्यादा उतरवली. काय सांगू! काम आधीपेक्षा जास्त, वीज जवळजवळ निम्मी, पंख्यांचा आवाज नाही. मी बायकोला बोलावून कार्डावर हात ठेवायला लावला. "गार आहे की," ती म्हणाली. आयुष्यात एवढं कौतुक मला पुरेसं होतं.

पण त्या भट्टीत सासूबाई रोज गुडघे शेकायला बसत, आणि पाठोपाठ माझी आईही. या दोघी एका छपराखाली राहून आजवर माझ्यामार्फत बोलत आल्या (आमटीत मीठ कमी आहे, हेसुद्धा मीच पलीकडे पोचवायचं). पंख्यांच्या त्या गोंगाटात त्या एकमेकींच्या कानाशी लागून गप्पा मारत होत्या, हे मला कुणी सांगितलं? खोली गार झाली तशा दोघी उठून आपापल्या खोल्यांत गेल्या. आई म्हणाली, "काय केलंस रे तिथे?" म्हटलं, "सुधारलं." "आधी बरं होतं," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी काय स्वस्थ बसलो? दोघींच्या खोल्यांत एकेक हीटर आणून लावला. बायकोने कपाळावर हात मारला. "आता तर त्या बाहेरच यायच्या नाहीत!" म्हणाली. म्हणजे तापवलं तरी मीच दोषी, गार केलं तरी मीच, आणि खर्च करून तापवलं तर अडाणीही मीच! या सगळ्याला तुम्ही जबाबदार आहात. तुमचं यंत्र येऊन घेऊन जा, मला त्याचं तोंडही पाहायचं नाही.

तुमचा,
नाइलाजाने साडू

ता. क. यंत्र राहू द्या. फक्त सगळ्यात जास्त तापणारं सेटिंग कोणतं, ते उलट टपाली कळवा. नाणी पडली नाहीत तरी चालेल. बायकोला बिलाबद्दल काय सांगायचं, तेही सुचवा.

आणखी एक. सासूबाईंना न्यायला तुम्ही या महिन्यात येणार होतात, ते तूर्त राहू द्या. तुम्ही येणार हे मी आईला सांगितलं नव्हतं, पण तिला कुठून तरी कळलं. सकाळी तिने माझ्यामार्फत निरोप धाडला, "त्यांना सांग, गुडघा दुखत असताना प्रवास करू नये." मी पलीकडे जाऊन तो पोचवला. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, दोन्ही दुखतायत."