एक जूनचे मानकरी

१४ मे २००७
वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर आजचा दिनविशेष लिहिला. रोज लिहितो. शिनोलीला जो काही इतिहास माहीत आहे तो माझ्या अक्षरात. तरी गावात नाव कुणाचं? गोरखचं. माझा वर्गमित्र, सध्या दूध डेअरीचा चेअरमन. गेल्या एक जूनला त्याच्या वाढदिवसाचा चौकात फ्लेक्स लागला होता, गॉगलसकट. वाढदिवस माझाही एक जूनलाच. मला बायकोने, अश्विनीने, शिरा केला. तोही आठवण करून दिल्यावर.
यंदाचा संकल्प: जळायचं नाही.

१७ मे
एक जूनचा मजकूर तयार. पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. डेक्कन क्वीन सुरू झाली. प्रभात फिल्म कंपनी निघाली. नर्गिसचा जन्म. मोठा दिवस आहे! त्याखाली एक ओळ माझी: 'कुंडलिक, इतिहासप्रेमी व समाजसेवक यांचा जन्म.' आपणच लिहायचं म्हणजे जरा कसंतरी वाटतं, पण दुसरं कोण लिहिणार? अश्विनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गॅस संपलाय.

२० मे
डेअरीसमोर यंदाच्या फ्लेक्सचं माप घेणं चाललं होतं. गोरखने मलाच टेपचं टोक धरायला लावलं. धरलं. जळत नाही. पण एवढ्याशा तोंडाला एवढा मोठा फ्लेक्स कशाला?

२२ मे, पहाटे
सापडलं! एक जून ही गुरुजींची तारीख. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख एक जून. अर्धं गाव असंच जन्मलंय. गोरखही त्यातलाच. माझी मात्र खरी आहे. मला आतून तसं वाटतं.

२३ मे
फळ्यावर रंगीत खडूने सूचना लिहिली. एक जूनला फक्त खरोखर त्या दिवशी जन्मलेल्यांचंच नाव येईल, शाळेच्या तारखा चालणार नाहीत. फळ्यासमोर गर्दी. बहिरू विचारत होता, मग आमी जन्मलोच न्हाई का? इतिहास कठोर असतो, असं त्याला सांगितलं. गोरखने वाचलं आणि म्हणाला, लई बेस काम केलंस. हा माणूस चिडत का नाही?

२७ मे
पुराव्यासाठी गोरखच्या आईकडे गेलो. सारजाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, म्हायेराला व्हते मढला, अडले, म्हणून जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं तारीख घोकूनच घेतली, एक जून. मग चहा दिला. आधी नको म्हणालो. नंतर प्यायलो.
हरकत नाही. दोघेही खरे. माझं नाव वर, त्याचं खाली.

३१ मे
आईला विचारलं, मी एक जूनला किती वाजता झालो? वेळही लिहावी, असा विचार होता. ती म्हणाली, तू व्हय? भातकाढणी चालली व्हती तवा. मग एक जून कुठून आला? ती म्हणाली, गुरुजींनी तारीख इचारली, मला काय ठावं? म्होरं सारजा उभी व्हती गोरख्याला घेऊन. मी म्हनलं, तिच्या पोराची लिवली तीच ह्याला टाका.
म्हणजे माझी तारीख गुरुजींनी दिलेलीसुद्धा नाही. गोरखची आहे. इतकी वर्षं मी त्याच्या वाढदिवसाचा शिरा खातोय. जेवण गेलं नाही. संकल्प गेला खड्ड्यात. जळतोय मी, चांगला जळतोय.

१ जून
फळा लिहिला. जन्म: गोरख. माझ्याच नियमाने, माझ्याच अक्षरात. खडू दोनदा मोडला. लोक म्हणाले, यंदा अक्षर झकास आलंय.
संध्याकाळी गोरख केक घेऊन घरी हजर. म्हणाला, आपला दिवस एकच, संगंच कापू. सुरी माझ्या हातात, तेवढ्यात आईने हसत हसत सगळी हकिगत त्याला सांगून टाकली. अश्विनीही हसली. मी सुरी केकशेजारी ठेवली.
गोरखने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, असू दे की राव, माझी तारीख वापर तू. मला काय कमी पडतंय?
मी थँक्यू म्हणालो.